'घरगुती' सॉफ्टवेअर दुकानात चालते काय?

सोलापुरात ज्याच्या घरात माग आहे त्याला 'घरगुती' या शब्दाचा नेमका अर्थ विजेच्या बिलाने केव्हाच शिकविला आहे. पूर्व भागात कित्येक घरे अशी आहेत की खाली माग खडखडतात आणि वर बिऱ्हाड नांदते. छप्पर एकच, पण मीटर दोन. यंत्रमागाचा दर वेगळा, घराचा वेगळा. घरच्या मीटरवर माग चालविला तर २००३ च्या वीज कायद्यातील कलम १२६ प्रमाणे तो अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दराने होते. तेथे 'हे तर माझेच घर आहे' हा जबाब कामी येत नाही. वीज कोठे वापरली हे पाहिले जात नाही, कशासाठी वापरली हे पाहिले जाते. गॅसचेही तसेच. १४.२ किलोची घरची टाकी बिर्याणीच्या देगीखाली लावणाऱ्या केटररला आपण काय करतो आहोत हे चांगले ठाऊक असते.

परंतु हाच व्यवहारी माणूस दुकानासाठी कॉम्प्युटर घेतो तेव्हा त्यावरील 'होम' हा शब्द वाचून पुढे जातो. होम म्हणजे स्वस्त, होम म्हणजे लहान, एवढाच त्याचा समज असतो. चाटी गल्लीतील कापडाच्या पेढ्यांपासून बेगमपेठेतील शिवणकामाच्या खोलीपर्यंत आज बिल, साठा आणि जीएसटीचे काम कॉम्प्युटरवर होते. म्हणून या स्वस्त घरगुती आवृत्त्यांचा करार काय सांगतो आणि कंपनीचा पाठिंबा त्यांना किती दिवस मिळतो, याचा हिशेब या लेखात मांडत आहे.

प्रथम एक गोष्ट पक्की करू. सॉफ्टवेअर आपण 'विकत' घेत नाही. टॉवेलचा गठ्ठा आपण विकला आणि पैसे घेतले की मिल्कियत बदलली. गिऱ्हाईक तो टॉवेल हमामखान्यात वापरो की त्याने फरशी पुसो, आपला संबंध संपला. सॉफ्टवेअरमध्ये मिल्कियत कंपनीकडेच राहते आणि आपल्याला वापराचा परवाना मिळतो. आपल्या भाषेत बोलायचे तर ही बय नव्हे, इजाऱ्याच्या जवळची गोष्ट आहे. त्यातही जे सॉफ्टवेअर एकदाच पैसे भरून कायमचे मिळते ते पागडीच्या गाळ्यासारखे समजावे. रक्कम एकरकमी दिली, वर्षानुवर्षे बसता येते, पण जागेचे मालक आपण नाही आणि करारात कापडाचे दुकान लिहिले असेल तर तेथे भट्टी लावता येत नाही. किती यंत्रांवर, कोणत्या कामासाठी, कोणी आणि किती काळ वापरायचे, हे सर्व त्या करारात लिहिलेले असते. तो करार कोणी वाचत नाही. पडद्यावर येतो, 'मान्य आहे' दाबले जाते आणि अंगठा उठतो.

आता मुख्य मुद्दा. 'होम' हा एकच शब्द दोन निरनिराळ्या अर्थांनी वापरला जातो आणि बाजारातील सगळा घोटाळा तेथूनच सुरू होतो.

विंडोज होम या आवृत्तीत 'होम'चा अर्थ कमी सोयींचा, एवढाच आहे. धंद्यात वापरू नका अशी अट तिच्या करारात नाही. दुकानाच्या गल्ल्यावर विंडोज होम असलेला कॉम्प्युटर ठेवला आणि त्यावर बिले केली तर कराराचा भंग होत नाही. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या घरगुती आवृत्तीत मात्र 'होम' ही वापराची शर्त आहे. ऑफिस होम अँड स्टुडंट या नावाने ज्या आवृत्त्या निघाल्या, त्यांच्या करारात कमाईच्या कोणत्याही कामासाठी वापरास मनाई आहे. २०२४ ची ऑफिस होम त्याच वाटेने जाते. व्यापारी वापराचा हक्क हवा असेल तर कंपनी ऑफिस होम अँड बिझनेस देते. दरसाल वर्गणीची मायक्रोसॉफ्ट ३६५ पर्सनल आणि फॅमिली हीदेखील घरासाठीच आहे, धंद्यासाठी तिचा बिझनेस नावाचा निराळा प्रकार आहे.

आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या अनेक लॅपटॉपांवर ऑफिसची ही घरगुती आवृत्ती आधीच भरलेली असते. खोक्यावर 'ऑफिस लाइफटाइम' असे मोठ्या अक्षरात छापलेले असते. व्यापारी त्या एक्सेलमध्ये चादरींचा भावपत्रक करतो, मजुरीचा तक्ता करतो, पार्टीच्या उधारीची यादी ठेवतो. सॉफ्टवेअर अस्सल आहे, पैसे भरलेले आहेत, चोरी कोठेच नाही, आणि तरीही वापर कराराबाहेरचा आहे. घरच्या मीटरवर माग. माझ्या पाहण्यात एक प्रसंग असा आला की परदेशी मालाच्या ऑर्डरपूर्वी खरेदीदाराच्या तपासनीसाने कारखान्यात कामगारांच्या हजेरीबरोबर सॉफ्टवेअरची बिलेही मागितली. कारखानदाराने निश्चिंतपणे लॅपटॉपचे बिल पुढे केले. त्यावर 'होम अँड स्टुडंट' हे शब्द होते. तपासनीसाने तेवढ्यावरच बोट ठेवले. ऑर्डर गेली नाही, पण दुरुस्तीसाठी मुदत पडली आणि ऐन हंगामात खर्च आला.

आपल्याकडे कोणती आवृत्ती आहे हे पाहणे अवघड नाही. वर्ड किंवा एक्सेल उघडून 'फाइल' आणि मग 'अकाउंट' दाबले की ऑफिसचे पूर्ण नाव दिसते. विंडोजचे नाव 'सेटिंग्ज', 'सिस्टम', 'अबाउट' येथे मिळते. दोन मिनिटांचे काम आहे.

सोयी कमी करून स्वस्त विकण्याची ही रीत जुनीच. २००५ मध्ये भारतात हिंदीतून विंडोज एक्सपी स्टार्टर एडिशन आली. ती फक्त नव्या, कमी किमतीच्या कॉम्प्युटरबरोबर मिळत असे. एका वेळी तीनच प्रोग्राम उघडता येत आणि दुसऱ्या कॉम्प्युटरशी जोडून फाइल किंवा प्रिंटर वाटून घेता येत नसे. गरीब देशांतील घरांसाठी म्हणून ती केली होती आणि घरापुरती ती ठीकही होती. पण बिल, साठा आणि पत्र एकाच वेळी उघडणाऱ्या दुकानदाराला तीन प्रोग्रामांत काय होणार? पुढे विंडोज ७ आली तेव्हा स्टार्टर आवृत्तीतून तीनची अट काढली, पण तिच्यात पडद्यामागचे चित्रही बदलता येत नव्हते. त्याच काळातील होम बेसिक ही आवृत्ती भारतासारख्या ठरावीक देशांतच विकली जाई आणि तिचे सक्रियीकरण त्या देशांपुरतेच मर्यादित होते. म्हणजे परवान्याला मुलूखही असतो.

एक्सपी होममध्ये आणखी एक अट होती, जी फार थोड्यांना माहीत होती. त्या यंत्रातील फाइली एका वेळी इतर पाचच यंत्रांना मिळत. एक्सपी प्रोफेशनलमध्ये दहांना. ज्याच्या पेढीत सहावा कॉम्प्युटर आला त्याला मुख्य यंत्र जोडणी नाकारू लागे आणि मेकॅनिक वायरी बदलत बसे. दोष वायरीत नव्हता, परवान्यात होता. विंडोज १० आणि ११ च्या करारात ही संख्या वीस आहे, होममध्येही. त्यामुळे आज सोलापुरातील बहुतेक पेढ्यांना ही अडचण येणार नाही.

आजच्या होममध्ये जे नाही ते वेगळे आहे. तिच्यात बाहेरून रिमोट डेस्कटॉपने त्या यंत्रात शिरता येत नाही, म्हणजे घरी बसून दुकानाचा कॉम्प्युटर चालविता येत नाही. मोठ्या संस्थांसारखे सर्व यंत्रांना एका मुख्य यंत्राच्या हुकमतीखाली आणता येत नाही. डिस्क कुलूपबंद करण्याची बिटलॉकरची संपूर्ण सोय नाही. ज्याची एकच पेढी आहे आणि जो कुलूप लावून घरी जातो त्याला यातील एकाचीही गरज पडत नाही. त्याने उगाच प्रो आवृत्तीचे पैसे देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याचा माल चिंचोळीच्या एमआयडीसीत आणि हिशेब शहरात आहे, त्याने मात्र विचार करावा. त्याच यंत्रावर फरकाची रक्कम भरून होमची प्रो करता येते. काही मेकॅनिक होममध्येच एक चोरवाट बसवून रिमोट चालू करून देतात. ती करारात बसत नाही आणि पुढच्या अपडेटला बंदही पडू शकते.

आपल्याकडच्या लॅपटॉपांवर 'होम सिंगल लँग्वेज' असे लिहिलेले पुष्कळदा आढळते. ते वाचून उर्दू-मराठीत काम करणारे बंधू घाबरतात. घाबरण्याचे कारण नाही. विंडोजच्या स्वतःच्या सूचना आणि मेनू एकाच भाषेत राहतील, एवढाच त्याचा अर्थ. मराठी, उर्दू किंवा तेलुगूचा कीबोर्ड जोडून पत्र टाइप करण्यास काहीच आडकाठी नाही. 'एस मोड' हे शब्द असतील तर मात्र थांबावे. त्या अवस्थेत मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या दुकानातून आलेलेच प्रोग्राम चालतात; बाहेरून आणलेले टॅली बसत नाही. एस मोडमधून बाहेर पडणे फुकट आहे, पण परत आत जाता येत नाही. विक्रेता त्यासाठी पैसे मागत असेल तर तो नुसत्या बटणाचे पैसे मागतो आहे.

फुकट, पण कोणासाठी?

घरगुती परवान्याचा दुसरा अवतार म्हणजे फुकट सॉफ्टवेअर. येथेही एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. टीमव्ह्यूअर आणि एनीडेस्क यांची फुकट आवृत्ती खाजगी वापरासाठी आहे. टॅलीवाला किंवा सीएच्या कार्यालयातील मुलगा त्यावरून आपल्या दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये शिरतो, तेव्हा तो धंदा झाला. टीमव्ह्यूअर असा वापर ओळखून मध्येच जोडणी तोडते, हा अनुभव अनेकांना आला असेल. परवाना जो सेवा देतो त्याने घ्यायचा आहे, हे त्याला विचारून घ्यावे. लेबले आणि कॅटलॉग करणाऱ्यांसाठी कोरलड्रॉनेही होम अँड स्टुडंट आवृत्ती काढली होती, आणि तिलाही व्यापारी कामाची मनाई होती. चादरीच्या खोक्याचे चित्र हे व्यापारी कामच होय.

याउलट लिब्रेऑफिस फुकट आहे आणि घर, दुकान, मदरसा, कारखाना, कोठेही कितीही यंत्रांवर वापरण्याची त्याच्या परवान्यात मोकळीक आहे. त्यात मराठी आणि उर्दू दोन्ही लिहिता येतात, एक्सेलच्या फाइली उघडतात. गुंतागुंतीची सूत्रे असलेली फाइल कधी कधी जशीच्या तशी उतरत नाही हे खरे; पण भावपत्रक, मजुरीचा तक्ता आणि पत्रे एवढेच काम असलेल्या दुकानाला ते पुरून उरते. ज्यांच्या लॅपटॉपवर ऑफिसची घरगुती आवृत्ती आहे त्यांना दोन सरळ मार्ग आहेत. ती मुलांच्या अभ्यासासाठी ठेवावी आणि दुकानाच्या कामाला लिब्रेऑफिस बसवावे, किंवा व्यापारी परवाना घ्यावा.

कायदा आणि शरियत

नकली प्रतीचा विषय या लेखाचा नाही, तरी कायद्यातील एक बारकावा आपल्या विषयाशी निगडित आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने ६३-ब हे कलम आले. बेकायदा प्रत आहे हे माहीत असूनही कॉम्प्युटर प्रोग्राम वापरणाऱ्यास कमीत कमी सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड, अशी शिक्षा त्यात आहे. मात्र तो वापर नफ्यासाठी किंवा व्यापाराच्या ओघात झाला नसेल, तर न्यायालय कैद माफ करू शकते आणि पन्नास हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकते. म्हणजे घर आणि दुकान यांत कायद्यानेही फरक केला आहे, आणि कठोर बाजू व्यापाऱ्याच्या वाट्याला आली आहे. त्याच कायद्याच्या कलम ५२ ने आपल्याला एक हक्कही दिला आहे. कायदेशीर प्रत ज्याच्याजवळ आहे तो हरवणे-बिघडणे यांपासून बचावासाठी तिची राखीव प्रत करून ठेवू शकतो.

आपल्या काही बंधूंचा प्रश्न असतो की जी वस्तू हातात धरता येत नाही तिच्यावर हक्क कसला? पूर्वीच्या काही उलमांनी हक्क-ए-तसनीफ हा विकण्याजोगा माल मानला नव्हता, हे खरे आहे. परंतु जिद्द्याच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९८८ मध्ये कुवेत येथील अधिवेशनात लेखन, शोध आणि व्यापारी नाव यांवरील हक्क शरियतने संरक्षित मानले आणि त्यांचे उल्लंघन जायज नाही असे ठरविले. आणि घरगुती परवान्याच्या बाबतीत तर या वादात शिरण्याचीही गरज नाही. तेथे आपण स्वतः एक शर्त कबूल करून कमी पैसे दिलेले असतात. प्रश्न मिल्कियतीचा नाही, वायद्याचा आहे.

किती दिवस चालेल?

परवाना कायमचा असला तरी पाठिंबा कायमचा नसतो, आणि व्यापाऱ्याचे खरे नुकसान येथे होते. पाठिंबा म्हणजे कंपनीने सापडलेली भोके बुजवून पाठविणे. ते बंद झाले तरी कॉम्प्युटर दुसऱ्या दिवशी सुरू होतोच. म्हणून माणूस गाफील राहतो.

याही बाबतीत घरगुती आवृत्त्यांना पूर्वी सावत्र वागणूक होती. मायक्रोसॉफ्टचा जुना नियम असा की व्यापारी आवृत्त्यांना पाच वर्षे पूर्ण पाठिंबा आणि पुढे पाच वर्षे सुरक्षेची डागडुजी. घरगुती आवृत्त्यांना फक्त पहिली पाच वर्षे. २००७ मध्ये कंपनीने एक्सपी होमला आणि २०१२ मध्ये व्हिस्टा व विंडोज ७ च्या घरगुती आवृत्त्यांना ही पुढची मुदत दिली. त्यामुळे एक्सपी ८ एप्रिल २०१४ ला आणि विंडोज ७ ही १४ जानेवारी २०२० ला, घर आणि धंदा दोघांसाठी एकाच दिवशी संपली. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याच दिवशी ऑफिस २०१६ आणि २०१९ चाही.

पण निरोपाच्या वेळी पुन्हा घर आणि दुकान वेगळे झालेच. घरगुती विंडोज १० साठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची मुदतवाढ जाहीर झाली, ती ३० डॉलर भरून किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी यंत्र जोडून फुकट. संस्थांसाठी तीन वर्षांपर्यंतची मुदतवाढ आहे, पण तिचा भाव पहिल्या वर्षी दर यंत्रामागे ६१ डॉलर आणि पुढे दरसाल दुप्पट. पाच यंत्रांच्या पेढीने याचा गुणाकार स्वतः करून पाहावा. नवा कॉम्प्युटर घेणे बरे की मुदतवाढ, हे लगेच कळेल.

विंडोज ११ जुन्या यंत्रावर चढत नाही याचे कारण पुष्कळांना ठाऊक नसते. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची व्यवस्था लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा नंतरचा. मोठ्या कंपन्यांतून उतरलेले चौथ्या-सहाव्या पिढीचे सेकंडहँड कॉम्प्युटर आपल्या बाजारात स्वस्त मिळतात आणि चालतातही छान, पण ते या अटीत बसत नाहीत. अट चुकवून विंडोज ११ बसवून देणारे आहेत. कंपनी अशा यंत्राला पाठिंबा देत नाही आणि अपडेटची हमी घेत नाही. म्हणून सेकंडहँड घेताना 'आय-फाइव्ह आहे' एवढे ऐकून थांबू नये, पिढी कितवी ते विचारावे.

विंडोज जुनी झाली की तिच्यावर उभी असलेली पुढची मजलेही हळूहळू ढासळतात. गूगलच्या क्रोमने २०२३ च्या आरंभी विंडोज ७ आणि ८.१ ची साथ सोडली. ब्राउझर थिजला की बँकेची आणि सरकारची पाने कधी ना कधी कुरकुर करू लागतात. टॅलीप्राइम, जे नोव्हेंबर २०२० मध्ये आले, ते एक्सपीवर बसतच नाही. दुसरीकडे कायदा आपल्याकडून काय मागतो? जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने जपायची आहेत. २०२३-२४ चे वार्षिक विवरण ३१ डिसेंबर २०२४ ला देय होते. म्हणजे त्या वर्षाची वही डिसेंबर २०३० अखेर उघडता आली पाहिजे. वही कॉम्प्युटरात असेल तर तो डेटा, तो वाचणारे टॅली आणि टॅली चालविणारी विंडोज, तिन्ही तोपर्यंत जिवंत हवीत. कागदाची वही वाळवीपासून जपली की झाले असे. ही वही दर दोन-तीन वर्षांनी नव्या यंत्रावर उतरवून, उघडून पाहावी लागते.

टॅलीचे नाव निघालेच आहे तर थोडे सांगतो, कारण ती आपल्याच जातीच्या धंद्यातून जन्मलेली वस्तू आहे. श्यामसुंदर गोयंका हे कारखान्यांना आणि कापडगिरण्यांना कच्चा माल व यंत्रांचे सुटे भाग पुरवीत. त्यांना हिशेबासाठी मनासारखे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी गणिताचा पदवीधर मुलगा भरत याला ते लिहायला सांगितले. १९८६ मध्ये त्यातून कंपनी उभी राहिली. टॅलीत 'होम' आवृत्ती नाही. तेथे भेद यंत्रांचा आहे. सिल्व्हर एका यंत्रावर एकासाठी, गोल्ड एका जागेतील जोडलेल्या सर्व यंत्रांसाठी. शिकण्यासाठी फुकट एज्युकेशनल अवस्था आहे, पण तिच्यात महिन्याच्या ठरावीक दोन-तीन तारखांनाच नोंद होते. काही दुकाने सगळी बिले एक-दोन तारखेला टाकून तिच्यावरच गाडी हाकतात. अशी वही कोणत्याही अधिकाऱ्यापुढे ठेवून पाहावी.

टॅलीचा परवाना कायमचा आहे, दरसाल भरावी लागते ती टीएसएस नावाची सेवेची वर्गणी. ती न भरल्यास जुने टॅली बंद पडत नाही. नव्या सुधारणा मिळत नाहीत आणि टॅलीतूनच थेट ई-इन्व्हॉइस काढण्यासारख्या जोडलेल्या सोयी थांबतात. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस बंधनकारक आहे. त्याखालच्या छोट्या दुकानदाराने वर्गणी दरसाल भरावीच असे नाही. करांचे नियम बदलले तेव्हा भरून घेतली तरी चालते, असे माझे मत आहे. विक्रेते हे सांगत नाहीत. ज्यांनी प्रायव्हेट लिमिटेड केली आहे त्यांचे निराळे. त्यांना १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक नोंदीतील बदलाचा माग ठेवणारेच सॉफ्टवेअर वापरणे कायद्याने आवश्यक आहे, आणि जुन्या टॅली ईआरपी ९ वर ते भागत नाही.

'आमच्या छोट्या दुकानात कोण येणार व्हायरस सोडायला?' हा प्रश्न नेहमी ऐकू येतो. २७ जून २०१७ रोजी न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका कंटेनर टर्मिनलचे काम अशाच एका हल्ल्यात ठप्प झाले. सोलापूरचा टॉवेल परदेशी जातो तो याच बंदरातून. हा विषाणू भारतासाठी सोडलेलाच नव्हता. युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो निघाला आणि जगभर पसरला. त्याच्या पसरण्याच्या वाटांपैकी एक वाट विंडोजमधल्या ज्या भोकातून होती, ते बुजविण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच पाठविली होती. त्याला दुकान लहान की मोठे हे दिसत नव्हते. अँटिव्हायरस असावाच, पुण्याचा क्विक हील असो की दुसरा कोणता. परंतु भिंतीला भगदाड असताना दारावर पहारेकरी किती पुरणार?

पाठिंबा गेल्याने होणारी दुसरी गोष्ट छापखानेवाल्या बंधूंना विचारावी. उर्दूसाठी इनपेज आणि मराठीसाठी श्रीलिपी घेताना परवान्याबरोबर एक लॉक येई, ते कॉम्प्युटरच्या पाठीमागे खोचले की सॉफ्टवेअर चाले. पुढे नव्या कॉम्प्युटरांतून ते जुने पोर्टच गेले. लॉक खिशात आहे, परवाना अस्सल आहे, पण खोचायला जागा नाही. आणि त्या फाइली जुन्या फॉन्टच्या सांकेतिक पद्धतीत असल्याने दुसरीकडे उघडल्यास निरर्थक अक्षरे दिसतात. लग्नपत्रिकांचे आणि लेबलांचे वर्षांचे काम असे अडकून पडलेले मी पाहिले आहे. आज जे लिहायचे ते युनिकोडमध्ये लिहावे, म्हणजे सॉफ्टवेअर बदलले तरी मजकूर हातचा जात नाही.

शेवटी बिलाबद्दल. कॉम्प्युटरच्या बिलावर 'लॅपटॉप एक नग' एवढेच लिहून घेऊ नये. विंडोज आणि ऑफिस यांच्या आवृत्तीचे पूर्ण नाव लिहून मागावे, आणि परवाना त्या यंत्राशी बांधलेला आहे की सुटा, हेही. यंत्राबरोबर आलेली विंडोज त्या यंत्राबरोबरच जाते. मदरबोर्ड बदलला की प्रश्न उभा राहतो. सुटा परवाना महाग असतो, पण दुसऱ्या यंत्रावर नेता येतो. काही शे रुपयांत प्रो आवृत्तीची 'अस्सल की' देणारे भेटतील. ती बहुधा एखाद्या कंपनीच्या किंवा कॉलेजच्या घाऊक परवान्यातून फुटलेली असते, आज चालते आणि मूळ मालकाने बंद केली की मरते. जीएसटीत नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला धंद्यासाठी पक्क्या बिलाने घेतलेल्या सॉफ्टवेअरवरील कराची वजावट मिळते. तोंडी 'की'वर काही मिळत नाही. कंपोझिशनमध्ये असलेल्यांना ही वजावट नाही, त्यांनी ती धरून भाव करू नये. आणि ऑफिसचा परवाना एका ई-मेल खात्याशी बांधला जातो. विक्रेता घाईत आपल्याच ई-मेलवर खाते उघडून देतो. त्याचे दुकान बंद झाले किंवा तो पासवर्ड विसरला की परवाना आपला राहत नाही. खाते पेढीच्या ई-मेलवर, आपल्या मोबाइल क्रमांकावर, आपल्यासमोर उघडून घ्यावे.